मेतकुटाच्या पिशवीवरची नथ

लग्न ठरताना मी एक थाप मारली होती. शाळेत असताना इंटरमिजिएट ड्रॉईंगच्या परीक्षेला बसलो होतो, हे खरं. ए ग्रेड मिळाली, हे खोटं. मिळाली होती सी, आणि तीही बहुधा परीक्षकांनी माझ्या वांग्याला तांब्या समजून मार्क दिले म्हणून. चोवीस वर्षं ही थाप निमूट पडून होती. बँकेत कोण चित्र काढायला सांगतंय?

मग जयपूरला बदली झाली आणि वैशाली नगरातल्या भाड्याच्या घरात बायकोनं मेतकूट आणि गोडा मसाला करून विकायचं ठरवलं. माझ्या दर बदलीला तिनं एकेक नोकरी सोडलेली. बरोबर घेऊन फिरता येईल असं हे तिचं पहिलंच काम. कॉलनीच्या प्रदर्शनात तिनं एक टेबल घेतलं. तिथं माल उचलला गेला तर पुढे, नाहीतर बंद, हेही तिनंच ठरवून टाकलं.

"लोगोसाठी एका मुलीशी बोलले आहे," ती म्हणाली.

"कशाला? घरात ए ग्रेड बसलीये की!" हे कोण बोललं म्हणून मी वळून पाहिलं. मागे कोणी नव्हतं.

आठवडाभर मी कागद खराब केले. खलबत्ता काढला तर देऊळ झालं. शेवटी नथ काढली. मराठी घर म्हटल्यावर नथ कोण नाकारणार? जिथं हात थरथरला तिथं एक मोती वाढवला. बरेच मोती झाले.

बायकोनं कागद लांब धरला, जवळ धरला. "छान असेल. मला काय त्यातलं कळतंय, ए ग्रेड तुमची."

पिशव्यांवर छापायला लाकडी ठप्पा हवा, म्हणून आम्ही चारदीवारीत, म्हणजे तटबंदीच्या आतल्या जुन्या शहरात गेलो. ती शेजारच्या दुकानात कापडी पिशव्या बघत होती. ठप्पे कोरणाऱ्या चाचांनी माझं चित्र उजेडात धरलं.

"मुर्गी अच्छी है, साब. चोंच थोड़ी मोटी कर दूँ?"

मी पाहिलं. तुरा, चोच, मोत्यांचे पाय. एकदा दिसल्यावर तिथं नथ शोधूनही सापडेना. तेव्हाच खरं बोलता आलं असतं. पण ती पिशव्या घेऊन हसत येत होती, आणि मी हळूच म्हणालो, "नहीं, चोंच पतली ही रखिए."

पुढचे चार दिवस मी जेवणाच्या टेबलावर बसून दोनशे कोंबड्या छापल्या. प्रत्येक वेळी वाटायचं, ही छापून झाली की सांगू.

प्रदर्शनात बायका थांबायच्या. गरम भात, तूप, वर मेतकूट. चव घेऊन "वाह भाभीजी" म्हणायच्या, पिशवी उचलायच्या, बघायच्या आणि अदबीनं परत ठेवायच्या. दुपारपर्यंत हेच. टेबल आणि भिंत यांच्यामध्ये मी असा बसलो होतो, की उठायचं तर आधी टेबल सरकवावं लागलं असतं.

बायकोनं स्वतःच्या मेतकुटाची चिमूट जिभेवर ठेवली. "हिंग जास्त झालाय का हो?"

"नाही गं."

"मग डाळ नीट भाजली गेली नसेल."

तेवढ्यात लहरियाची साडी नेसलेल्या एक बाई वाकून कुजबुजल्या, "भाभीजी, इसमें मुर्गी कितनी डालते हो? हम तो शुद्ध शाकाहारी हैं।"

"मुर्गी? अहो, ही नथ आहे नथ!" धक्क्यानं ती मराठीतच बोलली. मग नाकाला बोट लावून दाखवलं.

"नथ तो गोल होती है," त्या बाई म्हणाल्या. जयपुरात असते खरी.

"मला सी मिळाली होती," मी म्हणालो.

"काय सी?"

"ड्रॉईंगला. ए नव्हती."

तिनं एक पिशवी उचलून नीट निरखली. "आणि कोंबडी कधी दिसली तुम्हाला?"

"ठप्पा कोरायच्या आधी."

"म्हणजे सकाळपासून मी माझ्या हिंगाला नावं ठेवतेय आणि तुम्हाला माहीत होतं?"

तिनं पिशव्यांचा ढीग माझ्या मांडीवर लोटला. "उलट्या करा. सगळ्या."

मी आतली मेतकुटाची पाकिटं काढून पिशव्या उलट्या करत बसलो. शाई आरपार गेलेली, त्यामुळे आतल्या बाजूलाही कोंबडी होतीच. फक्त तिचं तोंड आता दुसरीकडे होतं. पण फिकट होती, आणि बायको प्रत्येकीला स्वतः सांगत होती की यात डाळ, तांदूळ, मेथी, हिंग, बाकी काही नाही. संध्याकाळी टेबल आवरताना नऊ पिशव्या उरल्या. पुढे चालू ठेवायचं, हे तिनं मला सांगितलं नाही; वाण्याला फोन करून हरभरा डाळ सांगितली, त्यावरून कळलं.

नवा लोगो त्या मुलीनं केला. एक वाटी आणि वर वाफेची एक रेघ. तो आधी शेजारणीला दाखवला गेला, मग दूधवाल्या भैयाला, आणि दोघांनीही क्षणात "कटोरी" म्हटल्यावर माझ्यापुढे आला.

"वाफ जराशी—" मी सुरुवात केली.

"दाखवलाय," ती म्हणाली. "विचारलं नाहीये."