म्होरकीची गाठ

आबांना दवाखान्यात न्यायचं म्हणजे माझा अख्खा दिवस जायचा. मी साठीला आलेलो, वडील नव्वदीचे. कमरेत जोर उरला नव्हता, म्हणून रिक्षात बसवल्यावर छातीवरून पंचा घेऊन बाजूच्या दांडीला बांधावं लागे. आठवड्यातून दोनदा. मी वैतागलो होतो, खोटं कशाला सांगू.

त्यात त्यांची ती गोष्ट. आबा तरुणपणी मोठ्या लढाईत, म्हणजे दुसऱ्या महायुद्धात, ब्रह्मदेशात खेचरं सांभाळायला होते. त्यांना खेचरांसकट इंजिन नसलेल्या विमानातून शत्रूच्या पाठीमागं जंगलात उतरवलं होतं. पुढचं विमान दोरानं ओढत न्यायचं, ठिकाण आलं की दोर सुटायचा, मग नुसता वारा. गावी नेसरीकडं पारावर आबा हे सांगू लागले की कुणीतरी म्हणायचंच, "म्हंजे बैलाबिगर गाडी पळीवली म्हणा की." सगळे हसायचे, आबाही. वैमानिक गोरा होता, धड मिसरूडही न फुटलेला. खाली आल्यावर त्याचं विमान संपलं, मग त्यानंही बंदूक घेऊन इतरांसारखं चालायचं, असा नियम. "आन उतरलो," म्हणून आबा थांबायचे आणि तंबाखू मळायला घ्यायचे. लहानपणापासून एवढंच ऐकत आलो होतो. शेवटी शेवटी ते सुरू झाले की मी पेपर उघडायचो.

एका मंगळवारी रंकाळ्याच्या वळणावर आबा कण्हले. पंचा छातीत रुतत असावा. मी रिक्षा बाजूला घ्यायला लावली आणि गाठ जरा सैल केली. त्यांनी माझं मनगट धरलं.

"सैल सोडू नगंस."

"आबा, रुततंय तुम्हाला."

"रुतू दे. मी सोडली हुती."

रिक्षावाल्यानं इंजिन बंद केलं. आबा समोर बघत बोलत राहिले.

"इमान वर गेल्यावर माजं खेचर थरथराय लागलं. बिथरलं तर गोळी घालायची, असा हुकूम हुता. माझ्यानं हुईना. घरी बैल बुजला की आपण काय करतो? कासरा ढिला सोडतो, मानंवर हात फिरवतो. तसंच केलं. तोंडाची म्होरकी दांडीला बांदलेली, तिची गाठ सोडली. गप झालं बिचारं."

उतरायच्या पट्टीवर लाकडाचे ओंडके पडलेले होते. विमान त्यांवर आदळलं. बांधलेली खेचरं जागच्या जागी राहिली. आबांचं तेवढं पुढं फेकलं गेलं, थेट वैमानिकाच्या पाठीवर.

"निघायच्या आदी त्यानं सोता वढून बघितली हुती गाठ," आबा म्हणाले. "पक्की हाय म्हणून माझ्याकडं बघून हासला हुता."

"वाचला का तो?"

"ठाव न्हाई. कळवळत हुता. त्याला तितंच ठिवून आमाला फुडं जायाचं हुतं. मागनं मी कुणाला इचारलंच न्हाई."

मी "पुढं जायचा हुकूम होता, लढाई होती," असलं काहीतरी पुटपुटलो. आबांनी ऐकलंसुद्धा नाही. खरं सांगायचं तर मला त्यांचा रागच आला. इतकी वर्षं पोटात ठेवलंत, आता मी दमलेला असताना कशाला काढलंत? आणि मग पारावरचं ते हसणं आठवलं, माझा उघडलेला पेपर आठवला, आणि माझीच मला लाज वाटली.

मी पंचा पुन्हा आवळला. आबांनी गाठ ओढून पाहिली.

"चल आता," म्हणाले.

त्यानंतर ते वर्षभर जगले. दर खेपेला गाठ मी मारायचो आणि ते ओढून बघायचे. कधी बोटं गाठीपर्यंत पोचायला फार वेळ लागायचा, मागून गाड्या हॉर्न वाजवायच्या. त्यांचा हात खाली येईपर्यंत मी रिक्षा हलू दिली नाही.