बघूभाऊंनी लावलेलं दार

गल्लीत त्यांना सगळे बघूभाऊ म्हणतात. पंखा लावू का, चहा टाकू का, काहीही विचारा, उत्तर ठरलेलं : "बघू." लग्नालाही ते 'बघू'च म्हणाले होते. वहिनींनी तोच होकार धरला, म्हणून संसार झाला!

अशा माणसावर बाथरूमच्या दाराचा निर्णय येऊन पडला. आई उद्या दवाखान्यातून घरी येणार होती, खुब्याचं हाड सांधून, वॉकर घेऊन. जुनं दार आत उघडायचं. आई पडली ती नेमकी त्याला आडवी. ढकलावं तर तिलाच लागणार. शेवटी भाऊ खिडकीची जाळी तोडून आत उतरले होते.

"मग बाहेरच उघडू दे की," वहिनी म्हणाल्या.

"आणि दार ओढताना ती मागे सरली तर? वॉकर घेऊन?"

सुतार बिजागऱ्या हातात घेऊन ताटकळला. भाऊंनी आईच्या चपला चढवल्या, ओढणीने गुडघे बांधले, नवाकोरा वॉकर धरला आणि बाथरूमकडच्या बोळातून निघाले. सुताराने दार चौकटीला नुसतं धरून ठेवलं.

"तमाशात घेतलं का हो?" शेजारच्या मामी खिडकीतून ओरडल्या.

भाऊंनी वरही पाहिलं नाही. पहिल्या खेपेला दार अंगावर आलं, मागे सरावं लागलं. "दुसऱ्या अंगाने धर," ते म्हणाले आणि पुन्हा सुरुवातीपासून निघाले. मान वाकलेली, ओठ मुडपलेले, हात हवेत कडी चाचपतोय. मामींचं हसू तोंडातच राहिलं. वहिनी तर चटकन पुढे झाल्या, "आई, जपून!" म्हणाल्या आणि स्वतःच दचकल्या.

कडी आधी हाताला लागली. दार पलीकडे गेलं. पाय जागचा हलला नाही.

"बाहेर. बिजागऱ्या पलीकडच्या अंगाला," भाऊ म्हणाले.

"नक्की?"

"नक्की."

हा शब्द त्या तोंडून गल्लीने प्रथमच ऐकला. सुताराने स्क्रू पिळायला घेतले.

दुसऱ्या दिवशी आई आली. वॉकर टेकत बोळातून गेली, दार ओढलं, मागे न सरता आत गेली. भाऊ बाहेर कान देऊन उभे. मामीही, त्यांच्या मागे. आत नळ वाहिला, थांबला.

"कोण रे बाहेर?" आतून आवाज आला. "सरक बाजूला, दार लागेल तुला."