भाव न ठरलेलं लाकूड

तिला सगळे लाकूडमावशी म्हणत. बस दुरुस्तीच्या कारखान्यामागे पत्र्याच्या शेडखाली तिची वखार होती. नवरा होता तोवर तिथे वाट्टेल ते सरपण मिळायचं. तो गेल्यावर तिने बाकी सगळं बंद केलं आणि फक्त फळझाडांचं लाकूड ठेवलं: सफरचंद, नासपती, पीच, आणि मिळालं तर चेरी. मासे-मटण धुरावर मुरवणारे आणि भट्टीवर भाजणारे तिचं गिऱ्हाईक.

भाव सांगण्यात तिचा हात कोणी धरू शकत नसे. वजनावर ती कधीच विकत नसे. ओलं लाकूड काट्यावर चढवणं म्हणजे गिऱ्हाइकाला पाणी विकणं, असं ती म्हणायची. दोन तुकडे हातात घेऊन एकमेकांवर आपटायची. खणखणीत वाजले तर भाव चढा, थप्प वाजले तर ढीग पुढच्या हंगामापर्यंत मागे. चेरी सगळ्यात महाग, कारण तिच्या धुराने मांसाला रंग चढतो. सफरचंद त्याच्या खाली. नासपतीबद्दल विचारलं की म्हणायची, "गरीब स्वभावाचं आहे, कुणाशीही जमवून घेतं. आमच्या घरात असं एकही माणूस नाही."

माल आणायचा तो तिचा धाकटा दीर. त्याच्याकडे टेम्पो होता आणि तोंडात साखर. फळं उतरली की बागांमधल्या छाटलेल्या फांद्या, म्हातारी झालेली झाडं तो उचलून आणत असे. त्या वर्षी मात्र त्याने अवेळीच टेम्पो भरून आणला. सफरचंदाची झाडं, बुंध्यासकट आणि तरणीताठी. बागेत रोग पडला, मालकाने फुकटात दिली, असं त्याने सांगितलं. रोग पडतात, हे मावशीलाही माहीत होतं. तिने माल उतरवून घेतला.

पण उतरवतानाच तिच्या मनात पाल चुकचुकली. झाड रोगाने गेलं की पानं आधी गळतात. इथे पानं डहाळ्यांवरच करपून चिकटलेली होती, जणू कुणी त्यांना हलायलाही वेळ दिला नव्हता. लाकूड हिरवं असायला हवं होतं, ते वाळून कडकडीत झालेलं. ढीग तसाच पडून राहिला आणि त्याला ना भुंगा लागला, ना मुंगी चढली. शेजारचा चांभार दुपारच्या चहासाठी तिच्याकडच्या ढलप्या न्यायचा. या ढिगातल्या नेल्या, त्या दिवशी त्याचं डोकं असं धरलं की दुकान मिटून घरी गेला. उन्हाने झालं असेल, असं तोच म्हणाला.

धुरीवाला तिचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. पुलाजवळ त्याचं मासे धुरावर धरायचं दुकान होतं. तो आला, ढीग पाहून खूश झाला आणि भाव विचारला. मावशीने दोन तुकडे उचलले, आपटले. खणखणीत वाजले. तरी तिच्या तोंडून आकडा निघेना.

"याचा भाव अजून ठरला नाही," ती म्हणाली.

धुरीवाला हसला. इतक्या वर्षांत हे तो पहिल्यांदाच ऐकत होता. तिने त्याला जुन्या ढिगातली नासपती देऊन वाटेला लावलं, आणि या लाकडाला हात लावायचा नाही असं दिराला बजावलं. त्याने मान डोलावली.

त्यानंतर लेकीच्या बाळंतपणासाठी तिला जावं लागलं. वखार दिराच्या हवाली. नात झाली, लेक हिंडू-फिरू लागली, तेव्हा ती परतली. शेडचा मागचा कोपरा जवळजवळ रिकामा होता. दिराने सगळा ढीग अर्ध्या भावात धुरीवाल्याला विकला होता आणि शाबासकीची वाट पाहत उभा होता.

कोपऱ्यात बुंध्याचे ओंडके तेवढे उरले होते, फार जाड म्हणून कुणी नेले नव्हते. तिने पदर खोचला, पाचर लावली आणि घण घातला. ओंडका उकलला. आत एक तिरपं भोक होतं, बोट जाईल एवढं, गिरमिटाने पाडावं तसं स्वच्छ. बाहेरचं तोंड मेणाने बुजवून वर माती चोपडलेली. भोकापासून वर लाकडात काळी रेघ चढत गेली होती. तिने दुसरा ओंडका फोडला. त्यातही तेच.

"भावजी, ही झाडं मेलेली नाहीत," ती म्हणाली. "मारलेली आहेत."

दिराने आधी उडवून लावलं. मग खाली बसला. हळूहळू सगळं बाहेर आलं. कुणाला तरी तिथे जमीन हवी होती. हिरव्या झाडांना तोडायची परवानगी मिळत नाही, वाळलेल्यांना मिळते. भोकं पाडून औषध ओतायचं काम त्याने घेतलं होतं. एका बागेचं नव्हे.

"मी नाही केलं तर दुसरा कुणीतरी करणारच होता, वहिनी."

तिचं लक्ष त्याच्या हातांकडे गेलं. बोटांच्या टोकांची कातडी सोलवटून निघाली होती. तो ते हात मांड्यांखाली लपवत होता.

"लाकूड जाळल्यावर काय होतं, विचारलंस कुणाला?"

त्याने विचारलं नव्हतं. मावशी तशीच पुलाकडे निघाली.

धुरीवाल्याच्या दुकानात खरं काम त्याची बायको करायची. भट्टीच्या तोंडाशी बसून आच धरायची, आणि दर खेपेचा मासा चाखून मगच काढायची. मावशी पोचली तेव्हा ती डोळे पुसत एक तुकडा चघळत होती. चघळला, थुंकला, दुसरा घेतला.

"मावशी, जरा चाखून बघ. मीठ पडलंय का यात?"

कधीपासून कळत नाही, असं मावशीने विचारलं. बरेच दिवस, ती म्हणाली. आधी ओठ बधिर झाले, मग जीभ. धुरात बसणाऱ्याला एवढं तेवढं होतंच, म्हणून नवऱ्याला सांगितलं नव्हतं.

मावशीने बादली उचलली आणि भट्टीत ओतली. धुरीवाला धावत आला, आधी चिडला, मग ऐकता ऐकता मासे उतरवू लागला. आकड्यांवर लटकवलेला सगळा माल त्यांनी मागच्या खड्ड्यात पुरला. उरलेलं लाकूडही त्यातच. पण त्याआधीच्या खेपा केव्हाच विकल्या गेल्या होत्या. कुणाच्या ताटात गेल्या हे सांगणं कुणाच्याच हातात नव्हतं.

डॉक्टरने बाईला तपासलं, औषध दिलं, आणि कशाने झालं ते छातीठोकपणे सांगता येत नाही म्हणाला. तिला गोड परत कळू लागलं. खारट नाही. मासे आता नवरा चाखतो.

दिराला मावशीने वखारीत पाय ठेवू दिला नाही. तो फार लांब गेला नाही. त्याचा टेम्पो आता पुलापलीकडच्या वखारीत रिकामा होतो, तिथे सफरचंदाचं लाकूड बारमाही मिळतं आणि मावशीपेक्षा पुष्कळ स्वस्त. तिने त्या वखारवाल्याला जाऊन भोकांचं सांगितलं. गिऱ्हाईक तुटलं म्हणून बाई जळते, असं तो लोकांत म्हणाला. बागांबद्दल तिने कचेरीतही सांगितलं. साहेबांनी ऐकून घेतलं.

आता ती झाड उभं असताना, पानांसकट, स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय लाकूड घेत नाही. त्यासाठी बसने टेकड्यांकडे जावं लागतं. दर फेरीला उतारावरचा हिरवा पट्टा आकसलेला दिसतो आणि करपलेला पट्टा रस्त्याकडे सरकलेला. तिचा भाव वाढला आहे. पूर्वीची गिऱ्हाइकं तिला भेटली की तब्येतीची चौकशी करतात, लाकडाचा विषय काढत नाहीत.

संध्याकाळी गावातल्या भट्ट्या पेटतात. वारा वखारीकडे वळला की धूर शेडखाली येतो, गोडसर, भूक चाळवणारा. मावशी हातातलं काम थांबवून हुंगते. सफरचंद आहे एवढं तिला कळतं. कोणत्या बागेतलं, ते कळत नाही. मग ती पदराने नाक झाकते आणि धूर सरेपर्यंत आत जाऊन बसते.