अंधार मोजणारी अर्चना

अर्चना प्रयोगशाळेत आली की आधी खिडकी लावून घ्यायची, मग मला विचारायची, "मावशी, पेटी कुणी उघडली न्हाय ना?" बाकी बोलणं नंतर. पहिल्यांदा मला तिचा रागच आला.

बारामतीच्या एका कॉलेजात मी काचेची भांडी धुवायला आणि झाडलोटीला होते, कंत्राटावर. ती इंदापूरकडची, पीएचडी करायला आलेली. शिसपेन्सिलीत असतं त्याच जातीचं ग्राफीन आणि झिंक ऑक्साइडची पांढरी पूड मिसळून ती काचपट्टीवर थर द्यायची. उजेड पडला की त्या थरातून वीज जास्त वाहायची. उजेड काढल्यावर ती पहिल्याइतकी कमी व्हायला अख्खा दिवस लागायचा. तेवढा वेळ पट्टी काळ्या पेटीत. पेटीला जुन्या छत्रीचं कापड मीच शिवून दिलं होतं. किल्लीही माझ्याकडेच.

"किती येळ बघायचं गं त्या मीटरच्या आकड्याकडं?"

"उतरंस्तवर."

"आन् न्हाय उतरला तर?"

"तर तसं लिहायचं. आपल्या मर्जीनं उतरतुय व्हय त्यो?"

तिच्या सरांना हे नको होतं. थर काही सेकंदांत पूर्ववत होतो, असं ते आधीच बाहेर सांगून बसले होते. तसं लिही म्हणाले, तिनं लिहिलं नाही. मग सरांनी ठरवलं, पेटीत उजेड शिरतो, हिची दोन वर्षांची मोजणी बाद. सगळ्यांसमोर त्यांनी मला विचारलं, "मावशी, झाडलोट करताना पेटी कधी उघडली असेल ना?"

माझं कंत्राट त्याच महिन्यात संपत होतं. नव्या कागदावर सही सरांची लागायची. अर्चना माझ्याकडे बघत होती.

"आसंल उघडली," मी म्हणाले. "ध्यानात न्हाय."

मी कधीच उघडली नव्हती.

ती भांडली नाही. पुन्हा पहिल्यापासून मोजायला तिच्याकडे मुदत उरली नव्हती. तिनं पीएचडी सोडली.

सामान न्यायला तिचे वडील आले. तिनं घरी काय सांगितलं होतं कोण जाणे. माझ्या हातात पेरूंची पिशवी देत ते म्हणाले, "पोरगी म्हणती, हितं मावशी व्हत्या म्हणून निभलं."

मी अर्चनाकडे बघितलं.

"घ्या की," ती म्हणाली. "घरच्या बागंतलं हायत."

मी पिशवी घेतली. त्यांची गाडी फाटकाबाहेर गेल्यावर त्यातले चार मोठे पेरू निवडले, धुतले आणि सरांच्या टेबलावर नेऊन ठेवले. सही अजून व्हायची होती.