भिंत आहे ना, मग कुलपं कशाला?

आयटीवाल्याकडं किस्से आपोआप साठतात. डोकं जितकं फिरतं, तितके किस्से! आमच्या चितेगावच्या कारखान्यानं मला तर भरपूर पुरवले.

दुष्काळाच्या वर्षी आमच्या मालकांनी, म्हणजे साहेबांनी, फायरवॉल घेतली. इंटरनेटवरून येणारं वाईट दारातच अडवणारी पेटी. तिला हार घातला, नारळ फोडला. मी म्हटलं, आतही प्रत्येक खात्याचं नेटवर्क वेगळं करू, एकात काही शिरलं तर बाकीची वाचतील. साहेब म्हणाले, "एवढी भिंत घातली, आता आत कुलपं कशाला?"

झालं!

गेटवर वॉचमन रोज माझी बॅग उपसायचा. पाण्याचा टँकर मात्र थेट आत. एकदा टँकरचा ड्रायव्हर कँटीनमध्ये आमच्या वायफायवर पिक्चर बघत बसलेला. पासवर्ड कुणी दिला म्हणून विचारलं, तर म्हणाला, "बेसिनवर लिवलाय की."

खरंच होता. 'पाणी जपून वापरा'च्या खाली.

मग परचेसमधला जोशी नोकरी सोडून पुण्याला गेला. त्याचं लॉगिन बंद करू द्या म्हणून मी घसा कोरडा केला. दिवाळीला आमच्या प्रिंटरमधून आपोआप कागद आला, 'सर्वांना शुभेच्छा. तुमचाच, जोशी.' माझ्या अंगाचा तिळपापड, आणि साहेब म्हणतात, किती जीव आहे पोराचा कंपनीवर!

उन्हाळ्यात स्टोअरला ईमेल आला, टँकरचं नवं वेळापत्रक. त्या दिवसांत ते कोण उघडणार नाही? एक क्लिक, आणि दुपारपर्यंत व्हायरस स्टोअरमधून अकाउंट्समध्ये, तिथून मशीनवर. उत्पादन ठप्प. फायरवॉल दारात ठणठणीत! आणि दोष कुणाचा? माझा. लेखी खुलासा द्या, नाहीतर घरी बसा.

रविवारी खुलासा घेऊन पडेगावला साहेबांच्या नव्या बंगल्यावर गेलो. पुरुषभर उंच कंपाउंड, वर काचा, गेटवर माणूस. साहेब गच्चीवर होते. तिथं तीन मजल्यांच्या तीन वेगळ्या टाक्या, प्रत्येकीला कुलूप.

मी विचारलं, "साहेब, एवढी भिंत आहे, मग या वेगळ्या टाक्या, ही कुलपं कशाला?"

"अरे, बाहेरच्याचं भ्या नाय. घरातल्याच कुणी नळ उघडा सोडला, तर एकच टाकी जाईल. बाकीच्या तरी वाचतील ना?"

मी खुलासा घडी करून खिशात घातला आणि पेन पुढं केलं. "साहेब, एवढंच लिहून सही करून द्या."