बूटवाले मास्तर

आमच्या मास्तरांचा डावा पाय कधी थांबला नाही. जेवताना, फोनवर बोलताना, दातांच्या डॉक्टरकडे नंबरची वाट बघतानासुद्धा तो जमिनीवर ठेका धरून असायचा. इथे आमच्या गावी, रनाळ्यात, मी बसल्या जागी नुसता गुडघा हलवला तरी आई ओरडते, "पाय हालाडू नको रे, घरमा बरकत ऱ्हास नही." आईच्या हिशेबाने मास्तरांच्या घरात एव्हाना भांडीसुद्धा उरायला नको होती.

मीही काही शांत डोक्याचा नव्हतोच. शेतकीची पदवी घेऊन स्पेनच्या दक्षिणेला एका पॉलिहाऊस कंपनीत नोकरीला लागलो. दिवसभर टोमॅटो आणि ढोबळी मिरची, संध्याकाळी भाड्याची खोली. त्या खोलीत जीव रमेना. नंदुरबारला कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये मी गिटारवर हिंदी गाणी वाजवून टाळ्या घेतलेल्या, तेव्हा फ्लामेंको, म्हणजे तिथलं पारंपरिक गिटारवादन, आपल्या डाव्या हातचा मळ, अशी माझी समजूत. शिकवणारा शोधायला निघालो. पहिल्याने वय विचारलं आणि दार लावून घेतलं. दुसरा पर्यटकांना तासाभरात एक तुकडा शिकवायचा आणि गिटारसकट फोटो काढून द्यायचा. दर आठवड्याला मी नवीन जिना चढत होतो नि चिडून उतरत होतो. शेवटी मी जेवायचो तिथल्या खाणावळवाल्या बाईंनी मासळीच्या दुकानावरचं घर दाखवलं. म्हणाल्या, "तो शिकवेल. पण त्याच्यापुढे टिकशील का बघ."

दार उघडलं ते सत्तरीच्या, बारीक अंगाच्या, काळे चकचकीत बूट घातलेल्या माणसाने. आत गेल्यावर खुर्चीत बसले आणि पाय सुरू झाला. मी आपल्याकडच्या रीतीने वाकलो आणि पाया पडायला नेमका तोच पाय धरला. म्हातारा असा काही खेकसला की खालचा मासळीवाला बाहेर येऊन वर बघू लागला. "सोड! चालत्या पायाला हात लावायचा नाही. तो थांबला की सगळं थांबतं!" मी मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये समजावलं की ही आमच्याकडची नमस्काराची पद्धत आहे. त्यांनी विचार केला आणि म्हणाले, "चांगली पद्धत आहे. पाय थांबेल तेव्हा कर." मग दर तासाच्या सुरुवातीला मी त्या पायाकडे आशेने बघायचो. तो थांबायचा नाही.

सुरुवातीला त्यांनी गिटार हातात धरूच दिली नाही. नुसत्या टाळ्या वाजवायला लावल्या. मग हळूहळू सोलेआ सुरू झाली. हा फ्लामेंकोतला संथ, जड चालीचा प्रकार, बारा मात्रांचा. आपल्याकडे आवर्तनाचा भार पहिल्या मात्रेवर असतो, इथे फेरा बाराव्या मात्रेवर येऊन टेकतो. मी सवयीने पहिल्या मात्रेकडे धाव घ्यायचो आणि घसरायचो. घसरलो की मास्तरांचा तळवा माझ्या तारांवर पडायचा. "पुन्हा." कधी म्हणायचे, "खाली गाडी उभी करून आलायस का? मग पळतोस कशाला?" हे सांगायचे आणि स्वतः उठून खिडकीतून मासळीवाल्याशी भांडून यायचे. राग यायचा मला. ती सोलेआ एकदा, फक्त एकदा, तळवा न पडता शेवटपर्यंत वाजवायची, एवढंच माझ्या डोक्यात घोळत असायचं.

तेवढ्यात बाबांना अर्धांगवायू झाला. मी एकुलता एक, परतणं भाग होतं. निरोप घ्यायला गेलो तर मास्तर दारातच उभे, पाय चालूच. मी पायाकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली. "अजून नाही. सोलेआ पूर्ण कर, मग थांबवतो." मला रडू येत होतं आणि या माणसाला अटी सुचत होत्या.

रनाळ्यात आल्यावरही तीच तगमग. तिकडे असताना गाव आठवायचं, इकडे मासळीच्या वासाचा तो जिना. बाबांना बसतं करायचं, विहिरीवरची मोटार बघायची, मिरची सुकत घालायची, आणि आठवड्यातून एका संध्याकाळी अंगणात गिटार घेऊन फोन लावायचा. मास्तर फोन जमिनीवर ठेवायचे. "माझं तोंड बघून काय करणार?" म्हणायचे. पडद्यावर फक्त तो काळा बूट. आई बघून चकित. "तुले मास्तर शिकाडस का त्यान्हा बूट?" त्या दिवसापासून आमच्याकडे ते बूटवाले मास्तर झाले. सुकत घातलेल्या मिरचीच्या झोंबऱ्या खाटाने आम्ही सगळे शिंकायचो. बाबांच्या शिंका मोठ्या. मास्तर विचारायचे, "तुमच्याकडे सगळं गाव आजारी आहे का?" आणि मी घसरलो की तिकडे तळवा कॅमेऱ्यावर पडायचा. पडदा काळा. "पुन्हा."

एका संध्याकाळी पडदा काळा झाला नाही. मी वाजवत राहिलो. शेजारी ट्रॅक्टर आला, गेला. आई धान्याचं सूप घेऊन उभीच राहिली. शेवटच्या बाराव्या मात्रेवर येऊन मी टेकलो, आणि पडद्यावरचा बूट थांबला. इतका गप्प मी तो कधी पाहिला नव्हता. मला भीतीच वाटली. मग आवाज आला, "आता कर."

मी फोन ओट्यावर ठेवला आणि वाकून बुटाला बोटं लावली. ती नेमकी खालच्या लाल खुणेवर पडली आणि फोन कट झाला. आई म्हणाली, "येडा व्हयना का रे? फोनना पाया पडी ऱ्हायना!" परत लावायला गेलो तर रेंज गेलेली. म्हटलं, पुढच्या तासाला बोलू.

पुढच्या तासाला फोन त्यांच्या मुलीने उचलला. आदल्या दिवशी मास्तर गेले होते, बसल्या खुर्चीत. मी गिटार मांडीवरून खाली ठेवली. तीच म्हणाली, "आठवडाभर भेटेल त्याला सांगत होते. खाली मासळीवाल्यालासुद्धा. म्हणायचे, एवढ्या लांबून माझा पाय धरला आणि पळून गेला बघ!" सांगता सांगता ती हसायला लागली.

मी अजून संध्याकाळी अंगणात बसतो. गिटार नसली तरी डावा पाय आपोआप सुरू होतो. आई बघते, तोंड उघडते, आणि काही न बोलता आत जाते.