समुद्राचा पूर उतरेपर्यंत

माझी आई दर डिसेंबरात समुद्र पाहत आली, आणि गेल्या वर्षापर्यंत तिच्या पायाची करंगळीसुद्धा त्यात भिजलेली नव्हती. आमच्या रामाकोन्याहून सौंसर, सौंसरहून नागपूर, तिथून जनरलच्या डब्यात रेटारेटी करत दादर, आणि मग चैत्यभूमीची रांग. रांग सरकते, बाजूला समुद्र दिसतो, वारा सुटतो, पांढऱ्या साडीचा पदर उडतो. पण पाण्याकडे वळायचं नाही. आम्ही तिथं अभिवादनाला जातो, सहलीला नाही. आमच्या घरात हा नियम कुणी सांगितलेला नाही आणि कुणी मोडलेलाही नाही. पुस्तकांच्या स्टॉलवर फिरायचं, एखादी दिनदर्शिका घ्यायची आणि मिळेल त्या गाडीनं परत फिरायचं. इकडे संत्र्याची तोड सुरू असते, आणि आई तोडीवर गेली नाही की तिची जागा दुसरी कुणीतरी घेते.

गेल्या वर्षी तिनं दोन गोष्टी एका दमात जाहीर केल्या. गुडघ्यांमुळे आता हा प्रवास होत नाही, तेव्हा मुंबईची ही शेवटची खेप. आणि अभिवादन झाल्यावर दुसऱ्या दिवशी तिला समुद्रात जायचं आहे.

"पाय बुडवायचे का?" मी विचारलं.

"पाय कायले? कंबरीपर्यंत जाईन. इतक्या वर्षांपासून त्याले पाहूनच राहिली मी."

मी पांढुर्ण्याला नगरपालिकेत नोकरी करते. अर्ज कुठं द्यायचा, कुणाला आधी भेटायचं, हे लोकांना सांगून सांगून मला सगळ्यांनाच सांगत सुटायची खोड लागली आहे. मी ताबडतोब मोहिमेचा ताबा घेतला. रजा टाकली, येण्याजाण्याचं रिझर्व्हेशन केलं, आईला जन्मात पहिल्यांदा स्वतःचा बर्थ मिळवून दिला. सोबत मावशी, म्हणजे आईची धाकटी बहीण. तिला कुठंही न्या, ती आधी हसते आणि मग कुठं चाललो ते विचारते.

घाटकोपरला मावशीची मुलगी राहते. अभिवादन करून संध्याकाळी तिच्याकडे उतरलो, आणि जेवताजेवता समुद्र निवडायला बसलो. मुंबईत समुद्रही लुगड्यासारखा पारखून घ्यावा लागतो हे मला तोवर ठाऊक नव्हतं. मी म्हटलं गिरगाव, कारण नाव ऐकलेलं. मावसबहीण म्हणाली, तिथं सूर्य मावळताना बघायचा, भेळ खायची, पाण्यात जायचं नाही; शहराचं सांडपाणी कुठं जातं असं तुला वाटतं? मी फोनवर अक्साचा फोटो दाखवला, रिकामा, देखणा, पिवळ्या वाळूचा. तिनं फोन माझ्या हातातून काढूनच घेतला. "रिकामा काऊन आहे ते विचार ना. पाण्याले ओढ आहे तिथं." गोराईला जायचं तर नावेनं खाडी ओलांडायची, आणि नावेत चढताउतरताना आईच्या गुडघ्यांचं काय?

शेवटी जुहू ठरलं. गर्दी असते, पाणी काही काचेसारखं नाही, पण जीवरक्षक असतात.

"गर्दी असू दे," मावशी म्हणाली. "बुडाली त पाहाले त कोणी पाहिजे!" आणि स्वतःच्याच बोलण्यावर तिला इतकं हसू आलं की वरण ताटाबाहेर सांडलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही जुहूला पोचलो. सोबत संत्र्यांची पिशवी. समुद्र पार वरपर्यंत आलेला. लाटा फुटत होत्या, पोरं किंचाळत होती, अख्खी कुटुंबं गुडघाभर पाण्यात नाचत होती. मी चपला काढल्या. आई मात्र कमरेवर हात ठेवून पाण्याकडे बघत उभी राहिली, आणि मग खाली वाळूत बसली.

"पूर हाय," ती म्हणाली. "उतरू दे."

आता इथं आमच्या कन्हान नदीच्या काठचं पाण्याचं शास्त्र सांगायला हवं. आमच्याकडे घरं नदीच्या अलीकडे आणि पुष्कळसे संत्र्याचे बगीचे पलीकडे. पाणी चढलेलं असलं की बाया काठावर बसून राहतात. पाण्याच्या अगदी कडेला एक काडी रोवतात. पाणी काडीच्या वर आलं तर नदी चढते आहे, गप बसा. पाण्यानं काडी सोडली, मधे हातभर कोरडं पडलं, की नदी उतरते आहे, चला. मग ओळ करायची, एकमेकींची बोटं नाही, मनगटं धरायची, सगळ्यात भक्कम बाई पुढे, आणि निघायचं. आईनं जन्मभर असंच पाणी ओलांडलं आहे, आणि मीही शाळेत जाईपर्यंत असंच ओलांडलं आहे. त्यामुळे ती बसली तेव्हा मलाही ते शहाणपणाचंच वाटलं. समोर पोरं उड्या मारत होती आणि आम्ही तिघी पूर उतरायची वाट बघत होतो!

मावशीनं कुल्फी खाल्ली. तिची काडी आईनं मागून घेतली, पुसली, आणि पाण्याच्या कडेला रोवली. एक लाट आली नि काडीच्या वर गेली. आई म्हणाली, चढून राहिलं. लाट मागे गेली, काडी कोरडी. आई म्हणाली, उतरलं. पुन्हा लाट. काडी वाहून गेली. आईनं धावत जाऊन ती पकडली, पुन्हा रोवली, आणि समुद्राला चांगलंच झापलं. "एकदा ठरव ना वं! चढते का उतरते?"

मावशी हसून हसून आडवी झाली. तिला बघून मला हसू फुटलं. एक भेळवाला थांबला आणि काय हरवलं म्हणून विचारू लागला. मला उत्तर द्यायला तोंड उघडवेना. आम्ही अर्धी पिशवी संत्री सोलून खाल्ली, भेळवाल्याला दोन दिली, आई मात्र काडीवरची नजर काढेना. ऊन कलू लागलं तसं तिचं म्हणणं खरं व्हायला लागलं. लाटा काडीपर्यंत येईनात. काडी आणि पाण्याच्या मधे हातभर, मग चांगली दोन-तीन हात ओली वाळू पडली.

"पाह्य," आई उठत म्हणाली. "सबर करा लागते पाण्याची."

तिनं साडीचा काचा मारला, मावशीनं मारला, मी सलवार गुडघ्यापर्यंत गुंडाळली. पिशव्या भेळवाल्याच्या गाडीखाली ठेवल्या. मनगटं धरली. आई पुढे, मी मधे, मावशी मागे, आणि आम्ही रीतसर समुद्र ओलांडायला निघालो. आजूबाजूचे लोक कडेकडेनं खेळत होते. आम्ही सरळ रेषेत आत. गुडघा झाला, मांडी झाली.

"बाई," मावशी आईला म्हणाली, "तिकडं कोणाचा बगीचा हाय व?"

झालं. आम्ही तिघी पाण्यात उभ्या राहून हसत सुटलो. हसताना पाय सुटतात हे मला तेव्हा कळलं. कारण लाट माघारी निघाली आणि माझ्या तळव्यांखालची वाळू निघून गेली. दुसऱ्या वेळी निघाली तेव्हा आईचा पुढचा पाय गेला. पाणी कमरेला लागलं होतं आणि ते आम्हाला पाठीमागे ढकलत नव्हतं, आत नेत होतं. मी हसत होते आणि एकदम भीती वाटली, हसणं थांबायच्या आधीच वाटली. मनगट मी इतकं घट्ट धरलं की आईची बांगडी माझ्या हातात रुतली.

तेवढ्यात शिटी. लांबलचक, रागाची. पोट सुटलेला, मिशा पिकलेला एक जीवरक्षक पाण्यातून आमच्याकडे झेपावत आला, त्यानं आईचा दंड धरला आणि आम्हाला तिरपं तिरपं चालवत काठावर आणलं.

"ओ आजी! ओहोटीला कुठं चाललात हातात हात घालून?"

"आजी कोणाले म्हणते रे?" आई धापा टाकत म्हणाली. "पाणी उतरलं म्हनून त गेलो."

त्यानं आमच्याकडे असं पाहिलं की मला जमीन दुभंगली तर बरं असं झालं. मग आईनं त्याला कन्हानचं, काडीचं सगळं सांगितलं आणि त्याला हसू आवरेना. तो तिच्याशेजारी वाळूत बसला. म्हणाला, नदीचं पाणी उतरलं की जोर कमी होतो, बरोबर आहे. पण समुद्राचं उतरतं तेव्हा ते जातं कुठं? आत. आणि जाताना माणसाला घेऊन जातं. इथं चढत्या पाण्यात यायचं, ते काठाकडे लोटतं. तरी कमरेच्या पुढे नाहीच, आणि झेंडे लावलेत त्यांच्या मधेच, माझ्या नजरेसमोर. लाटेला पाठ दाखवायची नाही. साडी तर मुळीच नको, पाणी प्यायली की दगड होते. ओढ लागलीच तर तिच्याशी झुंजायचं नाही, हात वर करायचा, आडवं सरकत बाहेर यायचं.

"मंग आता?" आईनं विचारलं.

"आता घोटाभर पाण्यात उभ्या रहा हवं तर."

"घोटाभर!" आई म्हणाली. "घोटाभर त नळ फुटला तरी येते."

"मग उद्या सकाळी दहानंतर या. भरती असेल."

उद्या सकाळी आम्ही नागपूरला असणार होतो. संध्याकाळची गाडी होती. मी पिशव्या उचलल्या, चला म्हटलं. आई बसल्या जागची हलली नाही. साडीतून पाणी गळत होतं, केसांत वाळू, आणि ती समोर बघत होती. ज्या समुद्रासाठी आली त्याच्या दारापर्यंत जाऊन तिला परत फिरवलं होतं, आणि पुन्हा ती येणार नव्हती.

"गाडी जाऊ दे," ती म्हणाली.

मी तडकलेच. माझी रजा संपते, रिझर्व्हेशन वाया जाईल, पुन्हा जनरलमध्ये लोंबकळत जावं लागेल, तूच म्हणालीस ना गुडघ्यांना झेपत नाही? तुझी तोडीवरची जागा जाईल ती वेगळीच. मी एवढं बोलले की मावशीसुद्धा हसायची थांबली.

आईनं मला बोलू दिलं. मग शांतपणे म्हणाली, "गुडघे माहे हायेत का तुहे?"

पांढुर्णा नगरपालिकेनं अर्ज मंजूर केला. मी साहेबांना फोन लावला आणि आणखी एक दिवस मागितला. कारण विचारलं तर म्हटलं, पूर आलाय. साहेबांनी विचारलं, डिसेंबरात? मी फोन ठेवून दिला आणि मग मलाच इतकं हसू आलं की डोळ्यांतून पाणी आलं.

सकाळी आईनं मावसबहिणीचा पंजाबी ड्रेस घातला. जन्मात पहिल्यांदा. बाहीतून हात बाहेर येईना, नाडी कुठं बांधायची ते कळेना, आणि आरशासमोर उभी राहून ती म्हणाली, "मी त मास्तरीण दिसून राहिली!" रिक्षात बसेपर्यंत तिघीही वेड लागल्यासारख्या खिदळत होतो. रिक्षावाल्यानं दोनदा मागे वळून पाहिलं.

जुहूला पाणी चढत होतं. कालचा जीवरक्षक झेंड्यांपाशी होता. त्यानं आईला ओळखलं, ड्रेस बघून हात जोडले, आणि तिच्यापुढे थोडा आत जाऊन उभा राहिला. मी आणि मावशी दोन बाजूंना. आई लाटेकडे तोंड करून कमरेइतक्या पाण्यात गेली आणि थांबली. पहिली लाट छातीवर आदळली. तिनं डोळे मिटले, खारं पाणी थुंकलं, आणि मोठ्यानं ओरडली, "ही तुह्या आजीची, माह्या मायची!"

मला कळेना. दुसरी लाट आली.

"ही माह्या सासूची!"

मग ती सुटलीच. ही बोरगावच्या नणंदेची. ही आमच्या तोडीवरच्या म्हातारीची, ती मेली पण सौंसरच्या पुढं गेली नाही. ही खालच्या घरच्या सुनेची, तिले कोणी सोडत नाही. एकेक लाट अंगावर घेत होती आणि एकेकीच्या नावानं वाटत होती, तोडीवर संत्री वाटावीत तशी. मावशी तिकडून आठवण करून देत होती, अवं ती मोहगावची राहिली, आणि आई पुढची लाट मोहगावच्या बाईला देत होती. दोघी बहिणी पाण्यात उड्या मारत होत्या. मला रडू येत होतं आणि हसू येत होतं, आणि तोंडात मीठ कशाचं ते सांगता येत नव्हतं. इतक्या सगळ्या बाया होत्या. एवढ्या बायांनी समुद्र पाहिलाच नव्हता.

"आई," मी ओरडले, "तुझी कोणती?"

तिनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. ती लांबवर बघत होती, दोन्ही हात पसरून.

"थांब ना," ती म्हणाली, "येऊन राहिली."